पुसलेली फाइल परत कशी मिळवावी?

संगणकावरील एखादी महत्त्वाची फाइल चुकून 'डिलीट' होणे, हा प्रसंग आता घरोघरी ओढवतो. कुणाचा प्रबंध असतो, कुणाच्या गृहनिर्माण संस्थेचे दहा वर्षांचे हिशेब असतात, तर कुणाच्या दिवंगत आईवडिलांची छायाचित्रे असतात. फाइल गेल्याचे लक्षात येताच बहुतेक जण इंटरनेटवरून एखादे 'रिकव्हरी' सॉफ्टवेअर उतरवून घेतात आणि त्याच संगणकावर ते बसवतात. नेमकी हीच घाई पुष्कळदा परत मिळू शकणारी फाइल कायमची घालवते.

पुसलेली फाइल परत मिळणे वा न मिळणे मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते. फाइल कोणत्या प्रकारच्या साधनावर होती, ही पहिली. आणि ती गेल्यानंतरच्या काही मिनिटांत आपण काय केले, ही दुसरी. पहिली गोष्ट आपल्या हाती नसली, तरी दुसरी पूर्णपणे आपल्या हाती असते.

अंतराळातून पडलेली हार्ड डिस्क

१ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया' हे अमेरिकी अंतराळयान परतीच्या प्रवासात, सुमारे ६० किलोमीटर उंचीवर दुभंगले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीरांचा त्यात अंत झाला. काही महिन्यांनी टेक्सासमधील एका कोरड्या पडलेल्या तलावाच्या पात्रात सापडलेल्या अवशेषांत एक हार्ड डिस्क होती. तिची क्षमता होती अवघी ४०० मेगाबाइट. झेनॉन वायूवरील एका प्रयोगाची निरीक्षणे तिच्यात साठवलेली होती. डिस्क इतकी जळाली होती, की तिच्याकडे पाहून कुणालाही आशा वाटली नसती. तथापि 'क्रोल ऑनट्रॅक' या कंपनीच्या तज्ज्ञांनी तिच्यातील तबकड्या स्वच्छ करून दुसऱ्या यंत्रणेत बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती वाचून काढली. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू ई' या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाले.

हे कसे शक्य झाले? तबकड्यांचा जो भाग खराब झाला होता, त्यावर सुदैवाने काही लिहिलेलेच नव्हते. शिवाय तो संगणक जुन्या 'डॉस' प्रणालीवर चालत होता आणि त्यामुळे माहिती डिस्कवर इतस्ततः न विखुरता सलग लिहिली गेली होती. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या माहितीवर नंतर दुसरे काहीही लिहिले गेले नव्हते. उलटपक्षी, आजच्या नव्या कोऱ्या लॅपटॉपमधील एखादी फाइल, कसलाही अपघात न होता, एका चुकीच्या कळीने काही क्षणांत कायमची नाहीशी होऊ शकते. या दोन टोकांमधील फरक समजला, की या विषयाचे मर्म समजले.

पुसणे म्हणजे नेमके काय?

साठवणुकीच्या प्रत्येक साधनावर दोन प्रकारची माहिती असते. एक म्हणजे प्रत्यक्ष मजकूर वा छायाचित्र, आणि दुसरी म्हणजे ते कोठे ठेवले आहे याची नोंदवही. संगणक 'डिलीट'ची आज्ञा पाळतो तेव्हा, पारंपरिक हार्ड डिस्कवर, तो केवळ नोंदवहीत फेरफार करतो. सातबाऱ्यावरून नाव कमी झाले, म्हणून शेतातले पीक लगेच नाहीसे होत नाही. मात्र ती जमीन आता मोकळी आहे असे समजून दुसरा कुणी तेथे नांगर घालू शकतो. डिस्कवरही हेच घडते. पुसलेल्या फाइलची जागा 'मोकळी' ठरते आणि पुढे कोणतीही नवी फाइल त्या जागेवर लिहिली जाऊ शकते. असे लेखन एकदा झाले, की जुनी माहिती परत मिळवण्याचा व्यवहार्य मार्ग उरत नाही.

नोंदवहीत नेमका काय बदल होतो, हे प्रत्येक प्रणालीत वेगळे असते. पेन ड्राइव्ह आणि कमी क्षमतेच्या मेमरी कार्डांत आजही आढळणाऱ्या 'फॅट' पद्धतीत, फाइलच्या नावातील पहिले अक्षर बदलून तेथे एक विशिष्ट खूण केली जाते. १९९१ च्या 'एमएस-डॉस ५' मध्ये 'अनडिलीट' ही आज्ञा होती. ती वापरताना संगणक फाइलच्या नावाचे पहिले अक्षर विचारत असे. कारण तेवढेच पुसले गेलेले असे, बाकीचे नाव शाबूत असे. फाइलचे तुकडे कोठे कोठे आहेत याची साखळी मात्र या पद्धतीत पुसली जाते. त्यामुळे सलग लिहिलेली फाइल सहज मिळते, पण तुकड्यातुकड्यांत विखुरलेली फाइल जुळवणे अवघड जाते.

विंडोजच्या 'एनटीएफएस' पद्धतीत प्रत्येक फाइलची नोंद एका मुख्य तक्त्यात असते. फाइल पुसल्यावर त्या नोंदीवर 'वापरात नाही' अशी खूण होते, परंतु नाव, आकार आणि तुकड्यांचे पत्ते बहुधा तसेच राहतात. म्हणून येथे नावासकट फाइल मिळण्याची शक्यता अधिक. याउलट लिनक्समधील 'एक्स्ट ४' पद्धत पुसताना हे पत्तेच कोरे करते. त्यामुळे मजकूर डिस्कवर असूनही तो शोधण्यास अधिक खटपट करावी लागते.

'फॉरमॅट' या शब्दाविषयीही गैरसमज आहे. 'क्विक फॉरमॅट' केवळ नवी कोरी नोंदवही तयार करते. जुना मजकूर खाली तसाच असतो. मात्र विंडोज व्हिस्टापासून पुढील आवृत्त्यांत 'फुल फॉरमॅट' केल्यास संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिली जातात. त्यानंतर तेथे शोधण्यासारखे काही उरत नाही.

प्रथम काय करावे?

फाइल गेल्याचे लक्षात येताच त्या डिस्कवरील सर्व काम थांबवावे, हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम होय. पेन ड्राइव्ह वा मेमरी कार्ड असल्यास ते काढून बाजूला ठेवावे. कॅमेऱ्यातील कार्डावर आणखी एकही छायाचित्र घेऊ नये. पूर्ण आकाराच्या एसडी कार्डाच्या कडेला लहानशी खिट्टी असते, ती 'लॉक'कडे सरकवल्यास संगणक साधारणपणे त्यावर लिहीत नाही. फाइल संगणकाच्या मुख्य डिस्कवर असेल, तर प्रश्न अधिक नाजूक असतो. आपण काहीही करत नसलो, तरी विंडोज पडद्यामागे सतत काही ना काही लिहीत असते. इंटरनेटवर एखादे पान उघडले, तरी त्याचे तुकडे डिस्कवर साठवले जातात. म्हणूनच रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवून बसवणे आत्मघातकी ठरते. ज्या फाइलचा शोध घ्यायचा, तिच्याच जागेवर ते सॉफ्टवेअर येऊन बसू शकते.

तथापि संगणक बंद करण्यापूर्वी काही सोप्या ठिकाणी पाहून घेणे इष्ट. पहिले ठिकाण अर्थातच 'रिसायकल बिन'. १९९५ मध्ये विंडोजमध्ये आलेली ही सोय फाइल पुसत नाही, केवळ दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवते. फाइलवर माउसची उजवी कळ दाबून 'रिस्टोअर' निवडले, की ती मूळ जागी परत जाते. मात्र 'शिफ्ट' आणि 'डिलीट' या कळा एकत्र दाबल्यास, किंवा फाइल पेन ड्राइव्हवर अथवा कार्यालयातील नेटवर्कवर असल्यास, सामान्यतः ती या बिनमध्ये येत नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'प्रीव्हियस व्हर्जन्स' हा विभाग. 'फाइल हिस्ट्री' किंवा 'सिस्टिम प्रोटेक्शन' ही सोय आधीपासून चालू असेल, तर तेथे जुन्या प्रती मिळू शकतात. वर्डमधील मजकूर 'सेव्ह' न करताच बंद झाला असेल, तर 'फाइल'मधील 'इन्फो' या पानावर न जतन केलेले दस्तऐवज परत मिळवण्याचा पर्याय असतो. वर्ड सहसा दर १० मिनिटांनी एक तात्पुरती प्रत ठेवत असते.

तिसरे ठिकाण म्हणजे इंटरनेटवरील साठवण. गूगल ड्राइव्हच्या 'ट्रॅश'मध्ये फाइल ३० दिवस राहते. वैयक्तिक वापराच्या वनड्राइव्हमध्येही हीच मुदत आहे. गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेली छायाचित्रे पुसल्यानंतर ६० दिवस मिळतात. आयफोनमधील 'रिसेंटली डिलीटेड' या संग्रहात ती साधारण ३० दिवस असतात. ज्यांना आपण ती फाइल कधी काळी ई-मेलने वा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती, त्यांच्याकडे विचारणा करणे हाही एक उत्तम उपाय होय. अनेकदा फाइल अशीच मिळते आणि सॉफ्टवेअरची गरजच पडत नाही.

सॉफ्टवेअरने शोध

वरील ठिकाणी काही न मिळाल्यास सॉफ्टवेअरकडे वळावे. संगणक बंद करून त्यातील हार्ड डिस्क काढावी आणि ती दुसऱ्या संगणकाला यूएसबीने जोडावी, ही सर्वांत सुरक्षित पद्धत. ते शक्य नसल्यास पेन ड्राइव्हवरून सुरू होणारी लिनक्स प्रणाली वापरता येते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नव्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क सांकेतिक लिपीत कुलूपबंद केलेली असते. विंडोजमध्ये ही सोय 'बिटलॉकर' या नावाने ओळखली जाते. अशी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यास ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते. ती आधी शोधून ठेवावी; तिच्याविना पुढचे सर्व प्रयत्न व्यर्थ आहेत.

डिस्क जोडल्यावर विंडोज कधी कधी 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल' किंवा 'त्रुटी तपासून दुरुस्त करायच्या का' असे विचारते. दोन्हींना नकार द्यावा. ही दुरुस्ती नोंदवहीत नवे फेरफार करते आणि उरलेसुरले धागेदोरेही त्यात तुटू शकतात.

फाइल मौल्यवान असेल, तर प्रथम संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रतिमा दुसऱ्या, तितक्याच वा अधिक क्षमतेच्या डिस्कवर घ्यावी आणि पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतिमेवरच करावेत. 'जीएनयू डीडीरेस्क्यू' हे मोफत सॉफ्टवेअर या कामासाठी प्रसिद्ध आहे. डिस्कचा जो भाग नीट वाचता येतो, तो ते आधी उतरवून घेते आणि अडखळणाऱ्या भागाकडे नंतर वळते. आजारी डिस्क मध्येच बंद पडली, तरी तोवर बरीच माहिती हाती आलेली असते.

प्रत्यक्ष शोधाच्या दोन पद्धती आहेत. पहिली नोंदवहीच्या आधारे चालते. 'रेकुव्हा' हे सॉफ्टवेअर आणि मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेले 'विंडोज फाइल रिकव्हरी' यांचा साधा शोध याच पद्धतीचा आहे. त्यात फाइल नावासकट, फोल्डरसकट मिळू शकते. नोंदवहीच नष्ट झाली असेल, तर दुसरी पद्धत उपयोगी पडते. प्रत्येक प्रकारच्या फाइलचा आरंभ ठरावीक खुणेने होतो. पीडीएफ फाइलच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह आणि 'पीडीएफ' ही अक्षरे असतात. झिप फाइलचा आरंभ 'पीके' या अक्षरांनी होतो. झिपचे जनक फिल कॅट्झ यांच्या नावाची ती आद्याक्षरे होत. वर्डची नवी 'डॉकएक्स' फाइल आतून झिपच असल्याने तिच्याही आरंभी हीच अक्षरे असतात. जेपीईजी छायाचित्रांचीही अशीच ठरलेली खूण असते. संपूर्ण डिस्क चाळून अशा खुणा शोधायच्या आणि तेथून पुढचा मजकूर उचलायचा, अशी ही पद्धत. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे 'फोटोरेक' हे मोफत सॉफ्टवेअर याच तत्त्वावर चालते आणि फायलींचे ४८० हून अधिक प्रकार ओळखते. नावात 'फोटो' असले, तरी ते कागदपत्रे आणि चित्रफितीही शोधते.

या दुसऱ्या पद्धतीला दोन मर्यादा आहेत. फायलींची मूळ नावे मिळत नाहीत. हजारो फायली क्रमांकांच्या नावांनी समोर येतात आणि त्यांतून हवी ती निवडणे हे चिकाटीचे काम ठरते. तसेच विखुरलेली फाइल अर्धवट मिळते. कॅमेऱ्यातील छायाचित्रे बहुधा सलग लिहिली जात असल्याने ती चांगली मिळतात. मोठ्या चित्रफिती मात्र अनेकदा मिळूनही उघडत नाहीत. कोणतीही पद्धत वापरली, तरी मिळालेल्या फायली त्याच डिस्कवर कदापि साठवू नयेत. त्यांच्यासाठी वेगळी डिस्क वापरावी.

मराठी वाचकांनी येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर विशिष्ट फाँटमध्ये टंकलिखित केला जात असे. पुण्याच्या 'मोड्युलर इन्फोटेक'ची 'श्रीलिपी' हे त्याचे ठळक उदाहरण. अशी जुनी फाइल परत मिळून उघडल्यावर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक गर्दी दिसते आणि फाइल खराब झाली असे समजून ती टाकून दिली जाते. वस्तुतः मजकूर सुस्थितीत असतो. संगणकावर तो फाँट नसतो इतकेच. मूळ फाँट बसवला, किंवा त्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर केले, की तो वाचता येतो. म्हणून अशा फायली पाहताच नष्ट करू नयेत.

एसएसडी आणि 'ट्रिम'

आतापर्यंतचे विवेचन प्रामुख्याने फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कला लागू पडते. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये मात्र 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' म्हणजे एसएसडी असतो आणि त्याचा स्वभाव निराळा आहे. त्यात तबकडी नसते, चिप असतात. या चिपवर जुन्या मजकुरावर थेट नवे लिहिता येत नाही. आधी जागा साफ करावी लागते आणि ही सफाई मोठमोठ्या गठ्ठ्यांनीच होते. ऐनवेळी सफाई करत बसल्यास वेग मंदावतो. म्हणून फाइल पुसली जाताच संगणक एसएसडीला कळवतो, की ही जागा आता लागणार नाही. या सूचनेचे नाव 'ट्रिम'. २००९ च्या विंडोज ७ पासून ती आपोआप दिली जाते. सूचना मिळाल्यावर एसएसडी सवडीने ती जागा साफ करतो. प्रत्यक्ष सफाई व्हायची असली, तरी ती जागा वाचू गेल्यास बहुतेक एसएसडी केवळ शून्ये परत करतात.

याचा अर्थ स्पष्ट आहे. एसएसडीवरून खऱ्या अर्थाने पुसलेली फाइल घरगुती सॉफ्टवेअरने परत मिळण्याची आशा फारच थोडी असते. फाइल अतिशय मोलाची असेल, तर संगणक तत्काळ बंद करून तज्ज्ञांकडे न्यावा. परंतु तेथेही यशाची खात्री देता येत नाही. रिसायकल बिनमध्ये गेलेली फाइल मात्र सुरक्षित असते, कारण ती पुसलेली नसून हलवलेली असते. म्हणून ज्यांच्या संगणकात एसएसडी आहे, त्यांनी 'शिफ्ट-डिलीट' करण्याची आणि बिन वरचेवर रिकामे करण्याची सवय सोडावी. यूएसबीने जोडलेल्या एसएसडींपैकी काहींना 'ट्रिम' पोहोचते, काहींना नाही. साध्या पेन ड्राइव्हला ती सहसा मिळत नाही, त्यामुळे तेथे प्रयत्नांना वाव असतो. अलीकडच्या काही फिरत्या हार्ड डिस्कही 'ट्रिम' पाळतात, हेही लक्षात असू द्यावे.

मोबाइलची गोष्ट

मोबाइलच्या अंतर्गत साठवणीची स्थिती याहूनही कठीण आहे. आयफोनमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्र किल्लीने सांकेतिक केलेली असते. फाइल पुसली, की किल्लीही जाते आणि उरलेला मजकूर निरर्थक ठरतो. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून त्या प्रणालीसह येणाऱ्या नव्या फोनांतही माहिती सांकेतिक ठेवणे बंधनकारक झाले. त्यामुळे 'पुसलेले सर्व फोटो परत मिळवा' अशी ग्वाही देणारी अ‍ॅप बहुधा फोनमध्ये शिल्लक राहिलेल्या लहान आकाराच्या प्रतिमाच शोधून दाखवतात. अशा अ‍ॅपना आपल्या सर्व फायली पाहण्याची अनुमती देण्यापूर्वी दहादा विचार करावा. फोनमध्ये वेगळे मेमरी कार्ड असेल आणि छायाचित्रे त्यावर असतील, तर मात्र कार्ड काढून, कार्ड रीडरमध्ये घालून, संगणकावर वरील पद्धतीने शोध घेता येतो.

डिस्कच बिघडली तर

फाइल चुकून पुसली जाणे आणि डिस्क बिघडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हार्ड डिस्कमधून 'टक-टक' असा लयबद्ध आवाज येत असेल, डिस्क पडली असेल किंवा संगणकाला ती दिसतच नसेल, तर कोणतेही सॉफ्टवेअर चालवू नये. हार्ड डिस्कमधील तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते आणि वाचन करणारा 'हेड' तिच्यापासून केवळ काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतो. धुळीचा कणही या अंतराच्या तुलनेत पर्वताएवढा असतो. बिघडलेला हेड तबकडीवर घासला, तर माहिती असलेला थरच खरवडला जातो. म्हणून अशी डिस्क चालू ठेवण्याचा प्रत्येक मिनिट महागात पडतो. ती घरी उघडणे, हलवून वा ठोकून पाहणे, फ्रीजमध्ये ठेवणे हे सर्व ऐकीव उपाय हानिकारक आहेत. फ्रीजमधून काढलेल्या डिस्कमध्ये दव साचते आणि उरलेली आशाही संपते.

अशी डिस्क धूळविरहित कक्ष असलेल्या प्रयोगशाळेतच उघडावी लागते. तेथे त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कचे सुटे भाग वापरून ती तात्पुरती चालवली जाते. हे काम खर्चिक असते. डिस्क देण्यापूर्वी तपासणीचे शुल्क किती, माहिती न मिळाल्यास काय आकारणार, मिळालेल्या फायलींची यादी पैसे भरण्यापूर्वी दाखवणार का आणि गोपनीयतेची हमी काय, हे लेखी घ्यावे. आधी गल्लीतल्या दुकानात उघडलेली डिस्क नंतर मोठ्या प्रयोगशाळेलाही वाचवता येत नाही, असे अनेकदा होते.

दुसरी बाजू

पुसलेली फाइल परत मिळते, या वस्तुस्थितीला दुसरी बाजूही आहे. सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलट या अमेरिकेतील दोन संशोधकांनी वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. त्यांचा अहवाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. चालू स्थितीतील १२९ डिस्कपैकी केवळ १२ डिस्क नीट पुसलेल्या होत्या. उरलेल्यांतून ५,००० हून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक मिळाले. जुना संगणक विकताना वा दान करताना केवळ फायली 'डिलीट' करणे किती अपुरे असते, हे यावरून कळते. फिरत्या हार्ड डिस्कवर 'फुल फॉरमॅट' करावे. एसएसडीसाठी त्याच्या निर्मात्याने दिलेले 'सिक्युअर इरेज' वापरावे. फोनच्या बाबतीत, माहिती सांकेतिक असल्यास 'फॅक्टरी रीसेट' केल्याने किल्ली नष्ट होते आणि ते पुरेसे असते.

खरा उपाय

पुसलेली माहिती शोधण्यापेक्षा तिची दुसरी प्रत असणे केव्हाही श्रेयस्कर. मात्र प्रत आहे असे समजणे आणि ती खरोखर असणे यांत फरक आहे. १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असताना 'पिक्सार' स्टुडिओत एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाचा बहुतांश भाग पुसला गेला. बॅकअप तपासला, तेव्हा तोही नीट घेतला जात नसल्याचे आढळले. अखेर तंत्रविभागाच्या गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत सापडली. मूल लहान असल्याने त्या घरून काम करत होत्या आणि त्यासाठी चित्रपट घरी उतरवून घेतला होता. ३१ जानेवारी २०१७ रोजी 'गिटलॅब' या कंपनीत असाच प्रकार घडला. एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि सुमारे ३०० गिगाबाइटचा डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच निरनिराळ्या व्यवस्थांपैकी एकही धड चालत नव्हती. सुमारे सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली एक प्रत उपयोगी पडली. त्या सहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. निष्णात अभियंत्यांच्या कंपन्यांची ही स्थिती, तर सामान्य घराची काय असेल?

छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जाणारा '३-२-१' हा नियम घरालाही पुरेसा आहे. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक प्रत घराबाहेर असावी. मूळ फाइल संगणकात, दुसरी प्रत बाह्य हार्ड डिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवरील साठवणीत वा गावाकडच्या घरी ठेवलेल्या डिस्कवर, इतकी व्यवस्था कुणालाही जमण्याजोगी आहे. बाह्य डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. सतत जोडलेली डिस्क विषाणूच्या हल्ल्यात संगणकाबरोबरच सापडते. तसेच इंटरनेटशी जुळवून घेणारे फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. तेथे एका ठिकाणी पुसलेली फाइल सर्व ठिकाणांहून पुसली जाते आणि हाती उरते ती केवळ 'ट्रॅश'मधील मुदत.

एवढे करूनही एक काम राहतेच. वर्षातून एकदा तरी या प्रतींतील चारदोन फायली उघडून पाहाव्यात. २०११ पासून ३१ मार्च हा दिवस 'जागतिक बॅकअप दिन' म्हणून पाळला जातो. आपल्याकडे आर्थिक वर्षाचे हिशेब पूर्ण करण्याचाही तोच दिवस असल्याने तो लक्षात ठेवणे सोपे आहे. त्या दिवशी हिशेबाच्या वह्यांबरोबर ही डिस्कही बाहेर काढावी आणि तिच्यातील छायाचित्रे, कागदपत्रे खरोखर उघडतात ना, याची खातरजमा करून घ्यावी.